हृदयविकाराचा झटका आणि दाह: एचएस-सीआरपी कशी करावी, दाह कसा उतरवावा, झटक्यानंतर काय टाळावं

लिपिड प्रोफाइल नॉर्मल आलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण झटका येऊन दाखल होणाऱ्यांमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) फारसं वाढलेलं नव्हतं अशी माणसं पुष्कळ असतात. धमनीच्या भिंतीत चरबी साठणं हा आजाराचा एक भाग. त्या चरबीवर शरीराच्याच पांढऱ्या पेशी चालून जातात आणि तिथे वर्षानुवर्षं दाह (इन्फ्लमेशन) धुमसत राहतो, हा दुसरा. हा धुमसता दाह एचएस-सीआरपी या रक्ततपासणीने मोजता येतो आणि उतरवताही येतो. झटका येऊन गेल्यावर मात्र काही आठवडे हाच दाह हृदयाची जखम साफ करून सांधत असतो आणि तेव्हा त्याच्या आड यायचं नसतं. या दोन वेळांची गल्लत झाली की नुकसान होतं. आपल्याकडे ही गल्लत मेडिकलच्या काउंटरवर सर्रास होते: महिन्यापूर्वी झटका येऊन गेलेला माणूस गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक या पेनकिलरची पट्टी घेऊन घरी जातो.

भिंतीच्या आत काय चालतं

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह किंवा जास्तीचं एलडीएल यांनी ते बिघडलं की एलडीएलचे कण अस्तराखाली अडकून पडतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. बिघडलेल्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात. रक्तातून जाणारे मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्यांना चिकटतात, भिंतीत शिरतात आणि मॅक्रोफेज बनतात. मॅक्रोफेजचं काम कचरा खाण्याचं. ते हे एलडीएल खात सुटतात, चरबीने फुगतात आणि बऱ्याचदा तिथेच मरतात. मेलेल्या पेशी उचलणारे मॅक्रोफेजही पुढे पुढे कमी पडतात. मग मध्यभागी मेलेल्या पेशी, चरबी आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक यांचा लगदा साठतो आणि त्यावर कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा पापुद्रा धरतो.

सगळा खेळ या पापुद्र्यावर आहे. टी-पेशी या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्यामुळे कोलॅजेन बनवणाऱ्या स्नायुपेशी मंदावतात. मॅक्रोफेज वरून कोलॅजेन कातरणारे एन्झाइम सोडतात. म्हणजे बांधकाम कमी आणि तोडफोड जास्त. पापुद्रा ६५ मायक्रॉनहून पातळ झाला की तो पिकलेल्या गळवासारखा कधीही फुटू शकतो. फुटला की आतला लगदा रक्ताला लागतो, प्लेटलेट धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळीने धमनी बंद होते. म्हणूनच चाळीस टक्के ब्लॉकेजवरही मोठा झटका येऊ शकतो, आणि स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणून तो येणारच नाही असं म्हणता येत नाही. स्ट्रेस टेस्टला धमनी किती अरुंद झाली ते कळतं. पापुद्रा किती पातळ झाला ते तिला दिसत नाही.

दुसराही एक प्रकार आहे. पापुद्रा शाबूत राहतो, पण वरचं अस्तर झडतं आणि त्या उघड्या जागेवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएची जाळी फेकतात. त्या जाळीत प्लेटलेट अडकून गुठळी होते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि तरुण स्त्रियांत हा प्रकार त्यामानाने जास्त आढळतो.

तपासणी समजण्यासाठी एक साखळी लक्षात ठेवा. लगद्यातले कोलेस्टेरॉलचे स्फटिक मॅक्रोफेजला डिवचतात, मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा संदेश देणारं रसायन सोडतो, त्यातून इंटरल्यूकिन-६ वाढतं, आणि ते यकृताला सीआरपी हे प्रथिन तयार करायला लावतं. आपण रक्तात मोजतो ते साखळीचं हे शेवटचं टोक.

एचएस-सीआरपी: कधी, कोणी, कशी

ज्यांना झटका येऊन गेला आहे, किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास आहे, मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, सुटलेलं पोट, संधिवात किंवा सोरायसिस आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ही तपासणी करावी. दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचं मध्यक वय सुमारे ५३ वर्षं आहे, इतर प्रदेशांत ते ५९ च्या आसपास. त्यामुळे पन्नाशीची वाट पाहण्यात अर्थ नाही. चाळिशीतच एकदा आकडा हातात असावा.

लॅबमध्ये नाव नीट सांगा: 'एचएस-सीआरपी', म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी. डेंग्यू-न्यूमोनियाच्या वेळी करतात ती साधी सीआरपी मोठा दाह पकडते. हृदयाच्या जोखमीसाठी १ आणि ३ मधला फरक कळावा लागतो आणि त्या पातळीवर साध्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. रिपोर्टवर 'पाचपेक्षा कमी' किंवा 'सहापेक्षा कमी' एवढंच छापून आलं असेल तर चुकीची तपासणी झाली आहे, असं समजा.

उपाशी राहावं लागत नाही. लिपिड प्रोफाइलसोबत सकाळी एकाच सुईत रक्त दिलं तरी चालतं. दिवस मात्र निवडून घ्या. पुढीलपैकी काही झालं असेल तर किमान दोन आठवडे थांबा: सर्दी-खोकला, ताप, जुलाब, लघवीचा संसर्ग, दात काढणं, शस्त्रक्रिया, मोठी जखम, कोणतीही लस, मॅरेथॉनसारखा जबर व्यायाम. चिकुनगुन्यानंतर सांधे दुखतच असतील तर ते थांबेपर्यंत तपासणी पुढे ढकला. गर्भारपणात आणि तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना आकडा वाढलेला येतो. झटक्यानंतरच्या दिवसांत तर तो हमखास वाढतो, कारण मेलेल्या स्नायूमुळे यकृत जोरात सीआरपी बनवत असतं. झटक्यापूर्वी दाह किती होता हे त्या आकड्यावरून कळत नाही. निदान महिना जाऊ द्या.

एका आकड्यावर निर्णय नको. दोन आठवड्यांच्या अंतराने, शक्यतो त्याच लॅबमध्ये, दोनदा करा आणि सरासरी काढा.

आकडा वाचताना

आधी एकक पाहा. सगळी जोखीम-कोष्टकं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देतात. तसं असेल तर १० ने गुणा. ०.४ प्रति डेसिलिटर हा आकडा दिसायला बारीक, पण तो ४ प्रति लिटर आहे, म्हणजे चक्क वरच्या गटातला.

मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १ पेक्षा कमी असेल तर जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. उपचाराचे निर्णय घेताना बऱ्याच मार्गदर्शिका २ ही रेषा धरतात. आकडा १० च्या वर गेला तर आधी हृदयाचा विचार करू नका. शरीरात कुठेतरी संसर्ग, जखम किंवा संधिवाताचा भडका आहे का ते शोधा, तो शमल्यावर पुन्हा मोजा. दोन-तीन वेळा १० च्या वरच राहिला तर फिजिशियनकडे जाऊन कारण लावून घ्या, मग ते हिरड्यांत असो की आतड्यात.

सीआरपीचं रक्तातलं अर्धायुष्य जेमतेम १९ तास असतं. म्हणून ती पटकन चढते, पटकन उतरते, आणि एका वाईट आठवड्याने रिपोर्ट बिघडतो. पण निरोगी दिवसांत पुनःपुन्हा ३.५ येत असेल तर तो आकडा खरं सांगतो आहे.

हा आकडा एकट्याने वाचायचा नाही. शेजारी एलडीएल, रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कमरेचा घेर मांडा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, पुढे हृदयविकाराने मृत्यू कोणाला येईल हे एलडीएलपेक्षा एचएस-सीआरपीने जास्त चांगलं सांगितलं. याचा अर्थ एलडीएलकडे दुर्लक्ष करा असा नाही. गोळीने एलडीएल खाली आलं तरी दाह शिल्लक असू शकतो, आणि तो वेगळा मोजल्याशिवाय कळत नाही, असा आहे.

सीबीसीच्या रिपोर्टवरून न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट असं गुणोत्तर काढून घाबरणारे किंवा निश्चिंत होणारे लोक आहेत. ते गुणोत्तर ताणाने, स्टेरॉइडने, साध्या संसर्गानेही हलतं. त्यावर घरच्या घरी काही ठरवू नका.

आकडा जास्त आला: कुठून सुरुवात करायची

तंबाखू पहिली. यात मिश्री, गुटखा, मावा, तपकीर सगळं आलं. 'मी ओढत नाही, फक्त लावते' हा बचाव रक्तवाहिन्यांपुढे चालत नाही. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. इतर दहा उपाय केले आणि मिश्री तशीच ठेवली तर त्या उपायांचा निम्मा फायदा वाया जातो, असंच आमचं मत आहे.

मग पोट. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यात मॅक्रोफेज ठाण मांडून बसतात आणि ती थेट इंटरल्यूकिन-६ सोडते. वजनकाट्यापेक्षा टेप वापरा. उभं राहून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा आहे. पॅन्टच्या मापावर जाऊ नका, पॅन्ट पोटाखाली बसते. वजन पाच-सात टक्के उतरलं तरी सीआरपी खाली येताना दिसते.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. सुरुवातीलाच झेप घेऊ नका. सवय नसताना केलेला जबर व्यायाम काही दिवस दाह वाढवतो. शिवाय बंद पडलेल्या शरीराला एकदम पळवणं हे झटक्याचं निमित्तही ठरू शकतं.

आहारात सगळ्यात आधी वनस्पती तूप आणि पुनःपुन्हा तापवलेलं तेल काढा. ट्रान्स फॅटने सीआरपी वाढते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न नियामक संस्थेने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण दिवसभर कढईत उकळणाऱ्या तेलाकडे कोण पाहतं? घरी तळणीचं तेल एकदाच वापरा, उरलेलं फोडणीला दोन दिवसांत संपवा. डाळी, उसळी, पालेभाज्या, ज्वारी-बाजरी, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, मासे खात असाल तर बांगडा-तारली, हे रोजच्या ताटातलंच आहे. हळद भाजीत घालाच. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलने झटका टळतो असं मात्र कोणत्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्या कॅप्सूल घेणं धोक्याचं आहे, आणि काही जणांच्या यकृताला त्यांनी इजा झाल्याचं नोंदलं गेलं आहे.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर डेंटिस्टकडे जाऊन खोलवर सफाई करून घ्या. त्याने सीआरपी थोडी उतरते. झटके कमी होतात असं अजून सिद्ध झालेलं नाही, पण करून घेण्यासारखी गोष्ट आहे. झोपेत घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची) तपासणी करा. चुलीचा धूर असेल तर स्वयंपाकाची जागा बदला.

संधिवात असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. युरोपीय संधिवाततज्ज्ञांची शिफारस आहे की त्यांच्या हृदयाची कोष्टकातली जोखीम दीडपट धरावी. सांधे आटोक्यात ठेवणारं औषध वेळच्या वेळी घेणं हा हृदयाचाही उपचार आहे. नुसत्या पेनकिलरवर दिवस काढणं दोन्हीकडून नुकसानीचं.

औषधं: काय काम करतं आणि काय नाही

स्टॅटिन एलडीएल उतरवतं आणि दाहही. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ लोक असे घेतले की ज्यांचं एलडीएल १३० च्या आत होतं, पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त. रोज २० मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये झटका, पक्षाघात आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. झटका येऊन गेलेल्यांना सहसा अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम देतात. युरोपीय मार्गदर्शिकेचं लक्ष्य एलडीएल ५५ च्या खाली, लिपिड असोसिएशन ऑफ इंडियाचं ५० च्या खाली. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं' म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आकडा गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो, आणि गोळीमुळेच पापुद्रा जाड होत असतो.

दाह हे नुसतं लक्षण आहे की कारण, हा वाद २०१७ च्या कँटोस चाचणीने बराचसा मिटवला. झटका येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ च्या वर असलेल्या १०,०६१ जणांवर कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन वापरलं. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत पुढच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. पण जीवघेणे संसर्गही वाढले. शिवाय औषध फार महाग. म्हणून ते हृदयासाठी वापरात आलं नाही. त्यानंतर मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत देऊन पाहिलं, त्याने ना सीआरपी उतरली ना झटके घटले. दाह कमी करणारं कोणतंही औषध हृदयाला चालेल हा समज इथेच मोडतो. साखळीतली नेमकी कडी पकडावी लागते.

कोल्चिसिन हे गाउटसाठीचं (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजारासाठीचं) जुनं, स्वस्त औषध ती कडी काही प्रमाणात पकडतं. त्याने न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा तयार होणं कमी होतं. रोज ०.५ मिलिग्रॅम दिल्यावर २०१९ च्या कोलकॉट चाचणीत, अलीकडेच झटका आलेल्यांमध्ये, पुढच्या घटना ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२० च्या लोडोको-२ मध्ये, आजार स्थिर असलेल्यांमध्ये, ९.६ वरून ६.८ वर. मात्र २०२४ च्या क्लिअर सिनर्जीमध्ये, झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या ७,०६२ जणांत, काहीच फायदा दिसला नाही. म्हणून आज हे औषध सरसकट नाही. स्टॅटिन पुरेशा मात्रेत आहे, एलडीएल लक्ष्यावर आहे, तरीही एचएस-सीआरपी २ च्या वर राहते, अशा स्थिर रुग्णासाठी डॉक्टरांना विचारण्यासारखं ते आहे.

विचारताना या गोष्टी स्वतःहून सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल (ईजीएफआर ३० च्या खाली) किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर कोल्चिसिन चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल, सायक्लोस्पोरिन यांच्यासोबत रक्तातली पातळी इतकी चढते की विषबाधा होऊ शकते. घशाच्या संसर्गासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर त्याच वेळी सांगायला हवं. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल चालू असतील तरी सावध. जुलाब हा नेहमीचा त्रास. मांड्या-खांद्यांचे स्नायू अशक्त वाटू लागले, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच दाखवा. गाउटच्या भडक्याची मात्रा वेगळी असते, ती स्वतःच्या मनाने इथे लावू नका. आणि गोळी 'जास्त घेतली तर जास्त गुण' अशी नाही, मोठी मात्रा जीव घेते.

फ्लूची लस

ही सगळ्यात सोपी आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित पायरी. फ्लूत सगळ्या पांढऱ्या पेशी चवताळतात, रक्त घट्ट होतं, नाडी वाढते, आणि पातळ पापुद्रा नेमका तेव्हा फुटतो. २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत फ्लू पक्का झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण सहापट आढळलं. २०२१ च्या आयएएमआय चाचणीत झटक्यानंतर रुग्णालयातच लस दिल्यावर वर्षभरातल्या गंभीर घटना ७.२ वरून ५.३ टक्क्यांवर आल्या.

महाराष्ट्रात आणि गोव्यात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. म्हणून लस एप्रिल-मे मध्ये, नवी लस बाजारात आली की घ्या. प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागतात. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा. खोक्यावर हंगामाचं वर्ष छापलेलं असतं, ते वाचा, गेल्या वर्षीचा साठा नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी लस घेता येते, टोचल्यावर दोन-तीन मिनिटं जागा दाबून धरा. दरवर्षी घ्यायची.

छातीत दुखू लागलं तर

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, घाम, मळमळ, धाप. मधुमेहींना आणि स्त्रियांना नुसती धाप किंवा गळून गेल्यासारखंही होतं. दहा-पंधरा मिनिटं टिकलं तर अ‍ॅसिडिटी ठरवून बसू नका.

१०८ ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, चालू रक्तस्राव किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पिरिन चावून खा. एकोस्प्रिन १५० च्या गोळ्यांवर आतड्यात विरघळणारा लेप असतो, गिळली तर उशीर होतो. दोन गोळ्या चावून, नीट चघळून घ्या. दुखणं पाठीत चिरल्यासारखं एकदम सुरू झालं असेल तर अ‍ॅस्पिरिन न घेता थेट रुग्णालय गाठा, ते महाधमनी फाटल्याचं असू शकतं. शेजाऱ्याने दिलेली सोर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल, तर ती जिवावर बेतते.

कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या रुग्णालयात जा. पोहोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी व्हायला हवी. कॅथलॅब दूर असेल तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत घेणं केव्हाही चांगलं. धमनी बंद झाल्यावर वीस-तीस मिनिटांत स्नायू मरायला लागतो. जितका जास्त मरेल तितका मोठा कचरा पांढऱ्या पेशींना उपसावा लागतो, आणि तितकी भिंत पातळ राहते.

झटक्यानंतरचे सहा ते आठ आठवडे

पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल मेलेल्या स्नायूत शिरतात, पहिल्या तीन दिवसांत त्यांची गर्दी शिगेला पोहोचते. मग मोनोसाइट येतात. त्यातले बरेच प्लीहेत साठवून ठेवलेले असतात, हे २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. ते मॅक्रोफेज बनून मेलेलं सगळं खातात. पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास मॅक्रोफेजचा स्वभाव पालटतो: खाणं थांबवून ते दुरुस्तीचे संदेश सोडू लागतात, आणि फायब्रोब्लास्ट या पेशी कोलॅजेन विणायला घेतात. पक्का व्रण बनायला सहा ते आठ आठवडे लागतात.

तिसरा ते सातवा दिवस सगळ्यात नाजूक. जुना स्नायू खाऊन झालेला, नवं कोलॅजेन अजून आलेलं नाही. हृदयाची भिंत फाटण्याचा धोका, दुर्मीळ असला तरी, याच दिवसांत असतो. शौचाला जोर लावायचा नाही, बद्धकोष्ठता असेल तर रेचक मागून घ्या. बादली, सिलिंडर, नातवंड उचलायचं नाही. पण अंथरुणाला खिळूनही राहायचं नाही, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं.

पहिल्या दोन-तीन दिवसांतला हलका ताप आणि पांढऱ्या पेशींचा वाढलेला आकडा याच सफाईचा असतो. घरी गेल्यावर ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप आला तर मात्र कळवा. श्वास घेताना किंवा आडवं झाल्यावर टोचणारं आणि पुढे वाकून बसल्यावर उतरणारं दुखणं बहुधा हृदयाच्या आवरणाच्या दाहाचं असतं. ते पहिल्या आठवड्यातही येतं आणि काही आठवड्यांनी तापासोबतही. त्यावर उपाय आहे, पण स्टेंट बंद पडल्याचं दुखणं की आवरणाचं, हे ईसीजीशिवाय घरी ठरत नाही. जा आणि दाखवा.

पेनकिलरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब या गोळ्या सांध्याचा दाह उतरवतात म्हणून धमनीचाही उतरवत असतील असं वाटतं. होतं उलटं. त्या प्लेटलेट आणि अस्तर यांच्यातला तोल गुठळीच्या बाजूने झुकवतात, रक्तदाब आणि अंगात साठणारं पाणी वाढवतात, आणि ताज्या व्रणाची वीण सैल करतात. झटका येऊन गेलेल्या सुमारे ६२,००० डॅनिश रुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत या वेदनाशामक घेणाऱ्यांत रक्तस्राव दुप्पट आणि हृदयाच्या घटना सुमारे ४० टक्के जास्त दिसल्या, आणि रक्तस्रावाचा धोका पहिल्या तीन दिवसांच्या वापरातही होता. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनची प्लेटलेटवरची जागाच अडवतं. कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे, व्होवेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. नावं वेगळी, आतला माल तोच, तेव्हा पट्टीमागचं मूळ औषधाचं नाव वाचा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत, यकृत ठीक असेल तर. गुडघ्याला शेक आणि फिजिओथेरपी. मलम लागलंच तर थोड्या जागेवर, थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून. स्टेरॉइडही हृदयासाठी म्हणून घ्यायचं नाही. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करायचं नाही, हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही जोडी बहुधा वर्षभर चालते. दात काढायचा म्हणून डेंटिस्ट किंवा शेजारी सांगतात म्हणून ती थांबवू नका.

चार ते सहा आठवड्यांच्या फेरतपासणीला जाताना लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि एचबीए१सी करून न्या. एचएस-सीआरपी पहिल्या महिन्यानंतर, सर्दी-ताप नसलेल्या आठवड्यात करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक आणि 'सांध्यांसाठी'च्या पुड्यांसकट, एका पिशवीत घालून घेऊन जा. आणि चारच प्रश्न विचारा: माझं एलडीएल लक्ष्यावर आहे का, दाह शिल्लक आहे का, कोल्चिसिनचा विचार माझ्यासाठी योग्य आहे का, आणि फ्लूची लस आज इथेच मिळेल का.